पुराचा फोटो भिंतीवर, खाली नाव-गाव हवं की नको?

सांगलीवाडीची लेक: कालच्या पोस्टमध्ये म्हटलंय, पुराचे फोटो प्रदर्शनात लागले की ती बातमी राहत नाही, कला होते; खाली नाव-गाव लिहायची गरज नाही. वाचून डोकं भणभणलं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. होडीतून एकाने आईचा फोटो काढला. पुढे पुण्यात तोच दिसला, चार फुटी, काळा-पांढरा. खाली ‘जल – 7’. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड गुंडाळून छातीशी धरलेलं, पंचनाम्याला तेच मागतील म्हणून. शेजारची बाई म्हणाली, “काय सुंदर प्रकाश!” ते पाणी मातकट होतं हो, डिझेलचा वास मारत होतं. गावच पुसलं तर जाब कुणाला विचारायचा?

डार्करूम: ताई, दुःख कळतं, मुद्दा पटत नाही. भोपाळची वायुगळती, 1984. छायाचित्रकार रघु राय यांच्या फोटोत मातीत पुरलं जाणारं ते लेकरू. त्याचं नाव कुणाला माहीत आहे? तरी तो चेहरा विसरता येत नाही. मीही कमरेएवढ्या पाण्यात कॅमेरा डोक्यावर धरून उभा होतो. पेपरात दोन कॉलम आले, दुसऱ्या दिवशी रद्दी. भिंतीवर फोटो जगतो.

सांगलीवाडीची लेक: त्या फोटोला भोपाळ चिकटलंय, वायू सुटला त्या युनियन कार्बाइड कंपनीचं नाव चिकटलंय. ‘जल – 7’ला सांगली तरी चिकटली का? आणि आई तर जिवंत समोर होती. नाव विचारलंच नाही.

मिरजेचा मास्तर: अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगनेही 1936 मध्ये ‘मायग्रंट मदर’ या फोटोतल्या स्थलांतरित आईला नाव विचारलं नव्हतं. जगाला ते 1978 मध्ये कळलं. फ्लॉरेन्स थॉम्पसन. फोटो जगभर गाजला, तिला पैसाही मिळाला नाही.

हरिपूर रोड: फोटोखाली ओळ लिहायचीच तर ‘अलमट्टी’ लिहा, कर्नाटकातलं कृष्णेवरचं ते धरण! त्यातल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 519 मीटरवरून 524 वर न्यायला निघालेत.

निवृत्त पाटबंधारे: पुराची कारणं शोधायला राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने 2019 च्या पुराचा दोष अलमट्टीला दिलेला नाही. पूररेषेच्या आत प्लॉट कुणी पाडले, ओढे कुणी बुजवले, ते बोला.

हरिपूर रोड: समिती आम्हाला सांगू नका. माझा दोन एकर ऊस उभ्या उभ्या कुजलाय.

निवृत्त पाटबंधारे: कुजला, मान्य. पण कोयनेच्या पाणलोटात पाऊस किती कोसळला तेही बघा की.

हरिपूर रोड: तुमची पेन्शन भिजली नाही, म्हणून पाऊस मोजताय!

डार्करूम: बघा ताई, ओळ आली की फोटो बाजूला आणि भांडण सुरू.

सांगलीवाडीची लेक: मग होऊ दे की भांडण! पुण्यात त्या फोटोसमोर कुणीच भांडलं नाही, तेच लागलं मला.

डार्करूम: बरं. गाव आणि तारीख पुढच्या वेळी लिहीन. नाव मात्र समोरच्याने सांगितलं तरच. माझा फोटो म्हणजे पंचनामा नव्हे.

सांगलीवाडीची लेक: आधी विचारा तरी. आई आजही त्याच घरात राहते. त्या फोटोची एक प्रतही तिला कुणी आणून दिलेली नाही.