नव्या बॉयलरला वॉरंटी असताना वरून एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घ्यावी का?

नवे_घर:
नमस्कार मंडळी. आमचा जुना बॉयलर अखेर काढला आणि मागच्या महिन्यात गॅसवर चालणारा नवा कॉम्बी बॉयलर बसवून घेतला. हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही त्याच्यावरच, वेगळी टाकी नाही. तो बंद पडला की घरही गार आणि आंघोळही गार. बसवणाऱ्याने सांगितलंय की वॉरंटी सात वर्षांची आहे, पार्ट आणि मजुरी दोन्ही धरून.

आता एका सर्व्हिस कंपनीचं पत्र आलंय. दरमहा हप्ता भरायचा, वर्षातून एकदा त्यांचा माणूस येऊन बघून जाणार, बिघाड झाला तर दुरुस्ती त्यांच्याकडे. वरच्या प्लॅनमध्ये रेडिएटर, पाइप आणि थर्मोस्टॅटही येतात. नवऱ्याचं म्हणणं, वॉरंटी असताना हे कशाला? मला मात्र निर्णय होत नाहीये. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, गारठ्यात त्यांचे सांधे धरतात. बाळ अजून रांगतंय. ऐन थंडीत दोन-चार दिवस घर गार पडलं तर या दोघांचं काय करायचं, हा विचार मनातून जात नाही. पैसे उगाच घालवायचे नाहीत आणि गाफीलही राहायचं नाही.

घर स्वतःचं आहे. बॉयलर नवा असला तरी रेडिएटर आणि पाइप जुनेच ठेवलेत. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा.

हिशोबी:
घेऊ नका. सात वर्षं पार्ट आणि मजुरी दोन्ही उत्पादकाकडे असतील तर सर्व्हिस कंपनी तुमच्याकडून नेमके कशाचे पैसे घेणार? सुरुवातीची वर्षं वर्षातून एकदा सर्व्हिसिंगचे पैसे द्या आणि हप्त्याइतकी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. वॉरंटी संपेल तेव्हा बॉयलर जुना झालेला असेल आणि हाताशी रक्कम असेल. एएमसीचा विचार तेव्हा करावा. तोवर तुमच्या यजमानांचं बरोबर आहे.

पाना_पक्कड:
बॉयलर बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कुणाची एएमसी विकत नाही.

हिशोबी यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. बॉयलरच्या पत्र्याच्या आत जे काही आहे, पंखा, सर्किट बोर्ड, पंप, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (गरम पाणी रेडिएटरकडे की नळाकडे ते वळवणारा), हीट एक्स्चेंजर (आचेची उष्णता पाण्याला देणारा भाग), त्याची जबाबदारी उत्पादकाची. त्यासाठीच दुसऱ्याला हप्ता भरला तर एका कामाचे दोनदा पैसे गेले. पण ही जबाबदारी आपोआप टिकत नाही. बहुतेक उत्पादकांच्या दोन अटी असतात. बसवल्यापासून ठरावीक मुदतीत, पुष्कळदा ३० दिवसांत, नोंदणी करायची. आणि दर १२ महिन्यांनी परवानाधारक माणसाकडून सर्व्हिसिंग करून त्याची नोंद पुस्तिकेत ठेवायची. ताई, तुम्ही ‘मागच्या महिन्यात’ असं लिहिलंय, तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवा आणि नोंदणी झाली आहे का ते आजच बघा. बसवणारा ‘मी करून टाकतो’ म्हणतो आणि ते राहून जातं, असं फार घरांत पाहिलंय. मग तक्रार करायची वेळ येते तेव्हा सातऐवजी एक-दोन वर्षांचीच वॉरंटी हातात उरते.

आता ते पत्र. ‘वर्षातून एकदा येऊन बघून जाणार’ या वाक्यावर बोट ठेवा आणि त्यांना विचारा की हे उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे सर्व्हिसिंग आहे की नुसती तपासणी. कित्येक प्लॅनमध्ये फक्त तपासणी असते. सर्व्हिसिंग करणारा माणूस पुढचं झाकण उघडतो. धुराच्या नळीवर एक छोटं भोक असतं, त्यात ॲनालायझरची नळी घालतो. बॉयलर आधी पूर्ण आचेवर, मग मंद आचेवर चालवतो आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मोजतो. त्या यंत्रातून दुकानातल्या पावतीसारखी छापील पट्टी निघते. ती मागून घ्या आणि पुस्तिकेला लावून ठेवा, पण तिचा फोटोही काढा, कारण त्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडते. मग तो कंडेन्सेट ट्रॅप (धुरातल्या वाफेचं पाणी जिथे जमतं तो कप्पा) काढून धुतो, इलेक्ट्रोडमधलं अंतर बघतो, पुस्तिकेत सांगितलं असेल तर बर्नरचं सील बदलतो. झाकणाला हात न लावता दहा मिनिटांत सही करून कुणी निघाला तर त्याला अडवा आणि पुस्तिकेतलं सर्व्हिसिंगचं पान समोर धरा.

पण तुमच्या प्रश्नात मला खरी काळजीची गोष्ट दिसते ती शेवटच्या ओळीत आहे. रेडिएटर जुने आहेत. पोलादी रेडिएटर आतून गंजत जातात आणि तो गंज काळा, बारीक गाळ होऊन पाण्याबरोबर फिरतो. मॅग्नेटाइट म्हणतात त्याला, चुंबकाला चिकटतो. बोटांवर घेतला तर साबणानेही पटकन निघत नाही. नव्या बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमधल्या वाटा अरुंद असतात. गाळ तिथे बसतो, पंप जड होतो, बॉयलर खडखडायला लागतो. वॉरंटीच्या अटी काढून वाचा, गाळ आणि क्षार यांमुळे झालेला बिघाड त्यात वगळलेला सापडेल. एएमसीच्या अटीतही बहुधा तेच असतं. म्हणजे तुमच्या घरात ज्या बिघाडाची शक्यता सगळ्यात जास्त, त्याचा खर्च दोघांपैकी कुणीच देणार नाही!

म्हणून बसवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. नवा बॉयलर जोडण्याआधी सगळी लाइन धुतली का? परतीच्या पाइपवर मॅग्नेटिक फिल्टर लावला का? पाण्यात इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, घातलं का? घरच्या घरी एक खूण बघता येते. हीटिंग चालू करून प्रत्येक रेडिएटरला हात लावून बघा, जपून. वर गरम आणि तळाशी मधोमध गार लागला तर खाली गाळ साचलाय. उलटं, वरच गार असेल तर बहुधा हवा अडकलीय आणि ती किल्लीने काढता येते. लाइन धुतलेली नसेल तर एएमसीचा वर्षाचा हप्ता त्या कामात घाला. सात वर्षांत याचा जितका उपयोग होईल तितका कुठल्याही प्लॅनचा होणार नाही.

पाणी जड असेल तर क्षारांचंही असंच. कॉम्बीमध्ये नळाचं पाणी एका छोट्या प्लेट हीट एक्स्चेंजरमधून जाताजाता तापतं. तिथे क्षार बसले की आंघोळ करताना पाणी गरम, मग कोमट, पुन्हा गरम असं येऊ लागतं. जड पाण्याच्या भागात थंड पाण्याच्या लाइनवर क्षार रोखणारं साधन लावलंच पाहिजे असं काही उत्पादकांच्या अटीत असतं, तेही बघून घ्या.

सासूबाई आणि बाळ यांच्याबद्दल तुम्हाला वाटतं ते अगदी रास्त आहे, आणि एएमसीच्या बाजूने तेवढा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. वॉरंटी दुरुस्तीची हमी देते, ती किती तासांत होईल याची देत नाही. उत्पादकाला आत्ताच फोन करून विचारा की कडाक्याच्या थंडीत माणूस यायला किती दिवस लागतात. एएमसीवाल्यांकडून लेखी घ्या की २४ तासांत ‘येणार’ की २४ तासांत ‘दुरुस्त करणार’. पार्ट मिळत नसेल तर दोघंही हात बांधून बसतात. त्यामुळे प्लॅन घेतला तरी आणि नाही घेतला तरी थर्मोस्टॅट असलेले, तेल भरलेले दोन इलेक्ट्रिक हीटर घरात असू द्या. भिंतीतल्या सॉकेटलाच लावायचे, एक्स्टेन्शन बोर्डाला नाही.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. त्या वायूला वास नाही, रंग नाही. अलार्म बसवला नसेल तर या आठवड्यात बसवा. असेल तर त्याच्यावर छापलेली बदलायची तारीख बघा. रांगतं मूल घरात आहे म्हणून आग्रहाने सांगतोय.

दुसरा_मजला:
आम्ही प्लॅन घेतला होता म्हणून अनुभव सांगतो. आमच्या बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा सारखा खाली यायचा. पाणी भरून दीड बारवर आणला तरी काही दिवसांत पुन्हा अर्ध्याच्या खाली, मग बॉयलर बंद. त्यांचा माणूस आला, तासभर बघितलं, बॉयलर ठीक आहे म्हणाला. गळती जमिनीखालच्या पाइपात होती आणि आमच्या प्लॅनमध्ये पाइप नव्हते. उत्पादकाला बोलावलं असतं तरी हेच झालं असतं, वर दोष बॉयलरचा नाही म्हणून भेटीचे पैसेही लागले असते.

म्हणून माझं मत पाना_पक्कड यांच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. जुने पाइप असलेल्या घरात फक्त बॉयलरचा प्लॅन निरुपयोगी, पण पाइप-रेडिएटर धरणारा प्लॅन विचार करण्यासारखा आहे. फक्त घेण्याआधी विचारा: जमिनीखालची गळती शोधायचा खर्च धरलाय का? फरशी उकरली तर पुन्हा कोण बसवणार? दर भेटीला आपल्या खिशातून किती? आणि पहिले काही आठवडे तक्रार करता येत नाही अशी अट असते, तिची मुदत किती? घराच्या विम्याचे कागदही काढून बघा. आमच्या विम्यात तातडीच्या दुरुस्तीचं कलम आधीपासून होतं. ते वाचल्यावर प्लॅन बंद केला.

नवे_घर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे कागद घेऊन बसलो. नोंदणी झालेलीच नव्हती! मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. रात्रीच करून टाकली, पोचही आली.

बसवणाऱ्याला फोन केला. लाइन धुतली आहे आणि इनहिबिटर घातलं आहे म्हणतो, फिल्टर लावलेला नाही. बैठकीतला मोठा रेडिएटर तळाशी गार लागतोय, म्हणजे नीट धुतली नसावी असं मला वाटतं. सर्व्हिस कंपनीलाही विचारलं. त्यांच्या प्लॅनमध्ये वर्षाला ‘सुरक्षा तपासणी’ आहे, सर्व्हिसिंगचे वेगळे पैसे. गाळ वगळलेला आहे. घराच्या विम्यात मात्र तातडीचं कलम नाही.

सध्या प्लॅन घेत नाही. फिल्टर आणि तो रेडिएटर यांचं काम आधी. अलार्म जुना निघाला, नवीन आणला. एकच शंका राहिली: बॉयलरमधून एक पांढरी प्लास्टिकची बारीक नळी भिंतीतून बाहेर जाऊन बरीच लांब खाली उतरते. ती कसली? तिचं काही करायला हवं का?

पाना_पक्कड:
नोंदणी वेळेत झाली हे फार बरं झालं. बैठकीतला रेडिएटर उतरवून वेगळा धुवायला सांगा, आणि धुतल्यावर नवं पाणी भरलं की इनहिबिटर पुन्हा घालावं लागतं, ते विसरू देऊ नका.

ती नळी कंडेन्सेटची. धुरातली वाफ थंड होऊन जे पाणी होतं, किंचित आम्लधर्मी असतं ते, ते तिथून बाहेर जातं. बाहेरची नळी बारीक आणि लांब असेल तर कडक थंडीत आत बर्फ धरतो, पाणी मागे तुंबतं, बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडतो. हा बिघाड वॉरंटीत धरत नाहीत आणि नेमका सगळ्यात गार रात्रीच होतो. बाहेरचा भाग निदान ३२ मिलिमीटरचा करून घ्या, उतार सलग ठेवा, आणि वर पाऊस-पाण्यात टिकेल असं इन्सुलेशन चढवा. शक्य असेल तर नळी घरातल्या सांडपाण्याच्या पाइपलाच जोडायला सांगा, मग बाहेर काही राहतच नाही. फिल्टरसाठी माणूस येईल त्याच वेळी हे होऊन जाईल. तोवर कधी गोठलीच तर हाताला सोसेल इतकं गरम पाणी नळीवर बाहेरून ओता, उकळतं नको, आणि मग बॉयलर रीसेट करा.

भिंतीबाहेरचा फोटो टाकलात तर उतार बरोबर आहे का ते बघून सांगतो.