मदत हवी आहे: फिटनेस सर्टिफिकेटवर 'हलकं काम' ऐवजी नेमकं काय लिहून घ्यावं?

दुर्बिणीतून गर्भाशय काढल्यावर बैठं काम बहुतेकींना 4 ते 6 आठवड्यांत जमतं, पोट उघडून केलं असेल तर 6 ते 8 लागतात. अडचण उभ्या आणि ओझ्याच्या कामाची आहे. पोटावरचे छिद्रांचे टाके 10-12 दिवसांत भरलेले दिसतात, त्यामुळे वरिष्ठांना (आणि खुद्द तिलाही!) सगळं बरं झालंय असं वाटतं. आत योनीच्या वरच्या टोकाची शिवण मात्र अजून कच्ची असते. श्वास रोखून वजन उचललं की नेमका तिच्यावर दाब येतो. बद्धकोष्ठतेत कुंथल्यानेही तेच होतं.

'हलकं काम' या शब्दांचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो. म्हणून मसुदा असा केलाय: 6 आठवडे 4-5 किलोच्या वर उचलणं नाही, कामावर परतल्यावर पहिला आठवडा निम्मे तास, तासाभराने 10 मिनिटं बसणं, बेंबीजवळच्या टाक्यावर घासणारा कमरेचा पट्टा नको.

यात शिफ्ट आणि जिन्यांबद्दल काय घालावं? संध्याकाळी थोडा तपकिरी स्राव वाढला तर तास कमी करता, की कामाचा प्रकारच बदलता? लालभडक रक्त किंवा ताप असेल तर थेट डॉक्टर, तो प्रश्न नाही.