बॉट आणल्यावर सपोर्ट टीमचं काय करायचं?

प्रश्न: पुण्यात छोट्या कंपनीत सपोर्टची टीम बघतो, १४ जणं आहेत. मालक म्हणतायत चॅटबॉट घेऊ आणि दिवाळीनंतर निम्मी माणसं कमी करू. टीमला अजून काहीच सांगितलं नाहीये, मला रोज त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. मालकांना दाखवायला खरी उदाहरणं आहेत का?

उत्तर १: क्लार्ना दाखवा. स्वीडनची पेमेंट कंपनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हणाले की आमचा एआय असिस्टंट ७०० सपोर्ट एजंटांचं काम करतो, पहिल्याच महिन्यात २३ लाख चॅट. २०२५ मध्ये त्यांच्याच सीईओने कबूल केलं की खर्चाकडेच जास्त बघितलं म्हणून क्वालिटी घसरली, आणि परत माणसं घ्यायला लागले. बॉट बंद नाही केला हां, पण ज्याला माणसाशी बोलायचंय त्याला माणूस मिळाला पाहिजे असं ठरवलं.

उत्तर २: फर्निचर विकणारी आयकिया पण बघा. बिली नावाच्या बॉटने ४७ टक्के प्रश्न सोडवले, आणि कॉल सेंटरच्या ८,५०० लोकांना त्यांनी घर सजावटीचा सल्ला द्यायला शिकवलं. तुमच्या १४ जणांना गिऱ्हाईकांच्या तक्रारी तोंडपाठ असणार, ते बॉटला कोण शिकवणार?

उत्तर ३: आधी टीमला सांगा, प्लीज. आमच्याकडे शेवटपर्यंत लपवलं, मग जी चांगली माणसं ठेवायची होती तीच आधी सोडून गेली.

प्रश्नकर्ता: आयकियाचं पटलं. सोमवारी मालकांशी बोलतो, आणि संध्याकाळी टीमशी पण.