मदत हवी आहे: सर्व्होची वायर आखूड करायची, मधून जोडू की प्लगच्या टोकाला नवी पिन बसवू?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. माझी रिमोटवर चालणारी 1/10 मापाची फोर व्हील ड्राइव्ह बग्गी आहे. स्टीअरिंगला नवा वॉटरप्रूफ सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, बसवलाय. त्याची वायर 30 सेंमी, रिसीव्हरच्या (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाच्या) डबीपर्यंत लागते जेमतेम 12. उरलेलं वेटोळं केबल टायनं चेसिसला बांधलंय, पण ते पुढच्या ड्राइव्हशाफ्टला घासायच्या बेतात असतं आणि पावसाळ्यात आपली माळव्याची काळी माती त्यात अशी चिकटून बसते की ब्रशनंही निघत नाही.

सर्व्हो उघडून आतल्या बोर्डावरच वायर कापणं सगळ्यात देखणं, पण सील मोडेल, म्हणून ते नको. मधून कापून सोल्डर केलं तर तिन्ही सांधे मागेपुढे ठेवून प्रत्येकावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवता येईल. पण सोल्डर जिथे संपतं तिथे ताठ वायर धक्क्यांनी तुटते ना? राहिला प्लग. नव्या पिना साध्या पकडीनं दाबल्या तर चालतील का? सामान महाराणी रोडला शोधणार आहे.

उत्तर

दादा, प्लगच्या टोकालाच कापा. हाउसिंगवरची (प्लगच्या प्लास्टिकच्या कवचावरची) बारीक पट्टी सुईनं अलगद उचलली की पिन मागून ओढून निघते. हाउसिंग तेच वापरा, पिना मात्र नव्या घ्या, 2.54 मिमी अंतराच्या फीमेल. प्रत्येक पिनेला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात, पुढची उघड्या तांब्यावर बसते, मागची इन्सुलेशनवर. मागची नीट बसली की ओढ तांब्यावर येत नाही. पाकळ्यांची टोकं आत वळून तारेत रुतायला हवीत. साधी पकड त्या नुसत्या चपट्या करते, म्हणून पाकळ्या वळवून दाबणारं क्रिम्पिंग टूल घ्याच. वर सोल्डर भरू नका, तुम्ही म्हणता तोच ताठपणा तिथेही येतो.

कापण्याआधी रंगांच्या क्रमाचा फोटो काढा. लाल मध्ये, तपकिरी किंवा काळी निगेटिव्ह, तिसरी सिग्नलची. रिसीव्हर डबीबाहेर काढता येईल इतकी ढील ठेवा. आणि आधी सर्व्हो नीट चालवून बघा, वायर कापल्यावर दुकानदार तो परत घेणार नाही.

प्रश्नकर्ता

खूप आभार! टूल घेतोच. डबीच्या भोकातून प्लग जात नाही, मग हाउसिंग नंतर चढवू?

उत्तर

हो. सुट्या पिना एकेक करून भोकातून ओवा, हाउसिंग डबीच्या आत चढवा. प्रत्येक पिन 'टक्' वाजून अडकली की हलकेच ओढून बघा. शेवटी भोकाशी सिलिकॉन ग्रीस लावा.