मदत हवी आहे: वडिलांच्याच आवाजावर कॉपीराइट क्लेम

गोदाकाठ: अर्जंट आहे. आमचे अण्णा जनाबाईचे अभंग म्हणतात, गंगाखेडला कुणालाबी विचारा. यूट्यूब चॅनलवर टाकलं तर अण्णांची जुनी कॅसेट काढलेल्या कंपनीचा क्लेम आला, जाहिरातीचे पैसे त्यांना चाललेत. आवाज अण्णांचा, चाल अण्णांची आन् मालक कंपनी? इंटरनेटच्या जमान्यात हा कायदा ठेवलाच कामून? लवकर सांगा.

मांजरा_थडी: नुसता क्लेम का स्ट्राइक, म्हणजे व्हिडिओच काढून टाकला? टाकलंय ते कॅसेटमधलं का नवीन? कंपनीशी करार झाला होता का?

उजनी७१: संतांचं वाङ्मय सगळ्यांचं आहे, त्याच्यावर कसला हक्क! 1992 पर्यंत लेखक गेल्यावर 50 वर्षं मुदत होती, टागोरांचं साहित्य मोकळं होईल म्हणून 60 केली. आता मोबाईलवर सगळं फुकट फिरायलंय, कायदाच काढून टाका.

पाटीपेन्सिल: काढून टाका म्हणणं सोपं आहे. माझ्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपाग्रुपावर फिरायलीय, छपाईचं कर्ज मी फेडायलोय. कायदा नसला तर मी दाद कुठं मागायची?

सूरसंगम: मंदिरात आवाज घुमतो, कॉलर माइक घ्या. आम्ही भजनी मंडळाला घेतला, लई फरक पडला.

गोदाकाठ: माइकचं कोण विचारलंय हो? क्लेमच आहे. व्हिडिओ मागच्या एकादशीचा, मंदिरात मोबाईलवर घेतलेला, मागं टाळ-पखवाज आन् मधीच घंटा ऐकू येते. कॅसेट 1998 ची, करार-बिरार काही नाही, पाकीट हातावर ठेवलं होतं.

मांजरा_थडी: हे आधी सांगायचं ना. यूट्यूबची सिस्टीम आवाज आपोआप जुळवून बघते, माणूस बघत नाही. डिस्प्यूट म्हणजे क्लेमवर हरकत टाका, रेकॉर्डिंग आपलं स्वतःचं आहे असं स्पष्ट लिहा, कंपनीला उत्तराला 30 दिवस असतात. शब्द जनाबाईचे, ते मोकळेच. चालीचा हक्क द्यायला लेखी सही लागते, आन् कागदावर मुदत लिहिलेली नसली तर 5 वर्षंच धरतात. पण कॅसेटमधलं टाकू नका, ते रेकॉर्डिंग काढणाऱ्या कंपनीचं, 60 वर्षं.

उजनी७१: बघा! म्हणजे 2058 पर्यंत. याला न्याय म्हणायचं का?

पाटीपेन्सिल: स्टुडिओचा खर्च कंपनीनंच केला होता ना?

गोदाकाठ: डिस्प्यूट टाकलाय. पण अण्णांचा तरणा आवाज फक्त त्या कॅसेटमधी आहे, ती आता कुठंच मिळत नाही आन् कंपनी काढत बी नाही. मग ऐकायचा कुणी?

मांजरा_थडी: त्यांच्याकडं लेखी परवानगी मागा. कॅसेटच्या कव्हरवरचा नंबर आन् साल नीट वाचून पत्रात घाला, नाहीतर त्यांना सापडणार नाही.