चांदीचे नॅनो त्रिकोण एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) दिसतात, यूव्ही-व्हिजिबलमध्ये (प्रकाश किती शोषला ते मोजणारं मशीन) पीक (आलेखातला उंचवटा) नाही. मदत हवी आहे (सांगली)

त्रिकोणी:
नमस्कार, सांगलीत एमएस्सीचा प्रोजेक्ट करतोय, गुरुवारी गाईडना रिझल्ट दाखवायचेत आणि मी पार अडकलोय. पॉलिस्टायरीनच्या गोळ्यांचा एक थर काचेवर बसवला, वरून चांदी इव्हॅपोरेट केली, गोळ्या काढल्या. कोल्हापूरला विद्यापीठात एसईएम केलं, त्रिकोण छान आलेत, षटकोनात मांडल्यासारखे. पण यूव्ही-व्हिजिबलला लावलं की नुसती तिरकी रेघ. तीन स्लाइड झाल्या, तिन्हींचं तेच. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

प्रकाशवेडा:
गोळ्या केवढ्या, चांदीची जाडी किती, स्कॅन कुठून कुठपर्यंत, बेसलाइन (तुलनेसाठीचं कोरं मोजमाप) कशावर घेतली? यातलं एकही लिहिलेलं नाही, उत्तर कशाच्या जोरावर देणार?

त्रिकोणी:
गोळ्या ५०० नॅनोमीटरच्या. बेसलाइन घेतली होती. त्रिकोण दिसतायत म्हणजे सॅम्पल बरोबरच आहे ना, प्रॉब्लेम ऑप्टिकलचा आहे.

कोलॉइडवाला:
एवढा खटाटोप कशाला भावा. सिल्व्हर नायट्रेट उकळायचं, त्यात सोडियम सायट्रेट टाकायचं, पिवळसर पाणी झालं की ४०० नॅनोमीटरच्या पुढंमागं पीक हमखास. टर्केविच या रसायनशास्त्रज्ञानी सोन्यासाठी सायट्रेटचीच पद्धत १९५१ मध्ये दिली. मी तर अर्ध्या दिवसात करायचो, व्हॅक्यूम नको की काही नको.

प्रकाशवेडा:
त्यांना अ‍ॅरे पाहिजे, पाण्यात तरंगणारे कण नकोत. ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या आकाराचे त्रिकोण हाच प्रोजेक्ट आहे, कोलॉइडचं पीक दाखवून काय उपयोग?

विटेकर:
आमच्या खानापूर तालुक्यात घरटी माणूस गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात आहे, म्हणून विचारतो, चांदी कुठली वापरली? पैंजणाची वितळवून घेतली असेल तर तांबं असणार, टंच (शुद्धता) काढून घ्या. आणि स्लाइड ठेवता कशात? डबीला रबरबँड लावू नका, रबरात गंधक असतं, चांदी काळी पडते. आमच्याकडं ताटल्या काळ्या पडतात तिथं तुमचा एवढासा थर किती टिकणार.

त्रिकोणी:
चांदी ९९.९९ ची वायर आहे, कंपनीची. पण डबीला रबरबँड आहे खरा. आजच काढतो.

क्लीनरूम_पुणे:
खाली क्रोमियमचा थर दिलाय का? २-३ नॅनोमीटर क्रोमियम दिल्याशिवाय चांदी काचेला धरत नाही, लिफ्टऑफला (गोळ्या काढताना) सोनिकेटरमध्ये अर्धी निघून जाते. खरं तर हे सगळं सोडून आयआयटी मुंबईच्या युजर प्रोग्रॅमला अर्ज करा आणि ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने) पॅटर्न काढा.

प्रकाशवेडा:
क्रोमियम अजिबात नको. प्लाझ्मॉन (प्रकाशानं चांदीतले इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात ते, पीक त्यानंच येतं) दबतो, पीक बसकं होतं. आणि गुरुवार चार दिवसांवर आलाय, अर्ज कधी करायचा नि नंबर कधी लागायचा?

क्लीनरूम_पुणे:
चांदीच उरली नाही तर पीक कुणाचं मोजणार?

प्रकाशवेडा:
एसईएममध्ये उरलेली दिसतेय, धागा वाचा. त्रिकोणी, जाडी आणि रेंज सांगा, दुसऱ्यांदा विचारतोय.

त्रिकोणी:
जाडी ३० नॅनोमीटर, मॉनिटरवर बघून. स्कॅन ३०० ते ८००. बेसलाइन हवेवर. चांदीचं पीक ४०० ला असतं असं वाचलं म्हणून तिथंच बघत होतो.

प्रकाशवेडा:
सापडलं मग. ४०० हे छोट्या गोल कणांचं. तुमचे त्रिकोण साधारण गोळीच्या ०.२३३ पट, म्हणजे ११५ च्या आसपास रुंद, आणि उंची फक्त ३०. कण जितका रुंद आणि पातळ, तितकं पीक लालकडं आणि त्याही पुढं सरकतं. व्हॅन डाइन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या ग्रुपनं १९९५ पासून याच पद्धतीवर काम केलं, ४०० च्या गोळ्या आणि ५० जाडीला त्यांचं पीक ७०० च्या अलीकडं यायचं. तुमच्या गोळ्या मोठ्या आणि थर पातळ, तेव्हा ८०० च्या पुढं शोधा. बहुतेक मशीन ११०० पर्यंत जातं, तिथपर्यंत स्कॅन करा. बेसलाइन कोऱ्या काचेवर घ्या, हवेवर नाही.

दुसरं, बीम काही मिलिमीटर रुंद असतो, तुमचा चांगला भाग तेवढा आहे का? स्लाइड खिडकीशी तिरकी धरा, सीडीच्या मागच्या बाजूसारखे हिरवे-लाल रंग जिथं फिरतात तिथं मांडणी नीट आहे. नुसतं आरशासारखं चकाकतं तिथं गोळ्याच नव्हत्या, सलग चांदी बसलीय. काळ्या कागदाला भोक पाडून रंगाच्या भागावरच बीम घ्या.

कोलॉइडवाला:
त्रिकोण कोलॉइडमध्येपण होतात, प्लेट्स म्हणतात त्याला, निळा रंग येतो.

विटेकर:
अवांतर: चांदीचा आजचा भाव बघितला का कुणी?

त्रिकोणी:
अपडेट. खिडकीशी धरून बघितलं, रंग फक्त एका कोपऱ्यात नखाएवढ्या जागेत फिरतात, बाकी आरसा. मी इतके दिवस मधोमध बीम टाकत होतो. कागद लावून, काच बेसलाइनला ठेवून ११०० पर्यंत नेलं, ८६० ला रुंद डोंगर आलाय! प्रकाशवेडा, खूप खूप आभार, रात्री दहाला लॅबमध्ये एकटाच ओरडलो. आता हीच स्लाइड इथेनॉलमध्ये बुडवली तर पीक सरकताना दिसेल ना?

प्रकाशवेडा:
दिसेल, लांब वेव्हलेंग्थकडं सरकेल. पण सॉल्व्हंटमध्ये टोकं बोथट होतात आणि पीक उलट मागंही येतं, म्हणून एकदा बुडवा, वाळवा, हवेत परत मोजा, मग दुसऱ्यांदा बुडवा. गुरुवारच्या आधी एकुलत्या एका स्लाइडवर हे करू नका.