अनुभव धागा: अर्थ एकच, तरी इंग्रजी शब्द वेगळे

मंडळी, आमच्या इंदुरात भंवरकुआँला कोचिंगवाले समानार्थी इंग्रजी शब्दांच्या जाड याद्या देतात. पोरं पाठ करतात आणि निबंधात अडकतात. तुमच्या डोक्यात कोणती जोडी कशी बसली, ते लिहा. याद्या नकोत!

रामबागवाली मावशी: शेड आणि शॅडो. आपल्याला दोन्ही सावलीच. मी शिकवायचे तेव्हा भर दुपारी मुलांना मैदानात न्यायची. विजेच्या खांबाची जमिनीवर काळी रेघ पडते, ती शॅडो. तिच्यात उभं राहून डोकं तापायचं थांबतं का? नाही. मग चिंचेखाली या, ही शेड. पुन्हा कुणी विचारलं नाही.

जुनं दफ्तर: हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासातलं काहीही, होळकरांच्या दफ्तरातला दाणावैरणीचा हिशोबसुद्धा. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात ठसा उमटवणारं. १७६७ साली अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला, ती घटना हिस्टॉरिक. हल्ली दुकानाचं उद्घाटनही हिस्टॉरिक असतं, चालायचंच.

खवय्या: मला इतिहासाने सोडवलं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच आली, गोठ्यात इंग्रजीच राहिली. म्हणून चरते ती शीप, ताटात येतं ते मटण. (आपल्या खाटकाकडे मटण म्हणजे बोकड, ते निराळं.) पुढे विद्वानांनी लॅटिन आणली. त्यामुळे एकाच कामाला तीन-तीन शब्द झाले: आस्क घरचा, क्वेश्चन फ्रेंचमधून, इंटरॉगेट लॅटिनमधून. ‘कुठे होतास?’ हे आई आस्क करते, वकील क्वेश्चन करतो आणि पोलीस इंटरॉगेट. शब्द जितका परका, तितका दरारा जास्त. दर वेळी लागू पडत नाही, पण बऱ्याचदा पडतं.

सून_जेलरोड: बसला फेअर, डॉक्टरला फी, उशिराला फाइन. संपलं.

भाचा परदेशी: काही जोड्यांत तर्क शोधूच नका. अमेरिकेत ‘आय वॉज सिक’ म्हणजे आजारी होतो. लंडनमध्ये तेच म्हटलं की उलटी झाली असा अर्थ घेतात. तिथे आजाराला इल.

नवखी: स्मॉल आणि लिटल कुणी सांगेल का?

रामबागवाली मावशी: अगं, स्मॉल मापाचा आहे, लिटलमध्ये लाड आहेत. दुकानात शर्ट स्मॉल मागतात, लिटल नाही. नातवाच्या इवल्याशा हाताला मात्र लिटलच म्हण.